गिझरच्या पाण्यात धुतलेला पायजमा

आमच्या टॉवरमध्ये कुणालाही विचारा, आनंदा परब म्हणजे देवमाणूस. मीटिंगला स्वतः उभे राहतात आणि आपली खुर्ची दुसऱ्याला देतात. साठी उलटली तरी स्वतःचे कपडे स्वतः धुतात. रात्रीचं जेवण सोडलंय, जिभेवर केवढा ताबा. बोटात साधी काळी अंगठी, सोन्याचा मोह म्हणून नाही. खालच्या वॉचमनपासून वरच्या मजल्यावरच्या सेक्रेटरीपर्यंत सगळे हेच सांगतील. मी त्यांची मेहुणी आहे आणि भिंतीला भिंत लागून राहते, त्यामुळे हा देवमाणूस कशाचा बनलाय ते मला ठाऊक आहे. तो मूळव्याधीचा बनलाय.

हे सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही. ज्यांनी तोंड उघडायचं त्यांनी लाज धरली, म्हणून तर एवढं रामायण झालं.

आधी माणूस कसा ते सांगते. भाऊजी एका विमा कंपनीत हेडक्लार्क होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण हेडक्लार्कपण काही अंगातून गेलं नाही. मिशी रंगवलेली, पायजम्याला इस्त्रीची धार, झब्ब्याच्या खिशाला दोन पेनं. एक निळं आणि एक लाल, लाल दुसऱ्यांच्या चुका दाखवायला. टॉवर उभा राहिल्याबरोबर ते सोसायटीचे चेअरमन झाले. घरात मात्र या चेअरमनना पेला कुठल्या फळीवर असतो ते माहीत नाही. "पाणी," असं ते हवेत म्हणतात आणि माझी बहीण सीमा ते आणून त्यांच्या हातात देते. लग्न झाल्यापासून हवेतून पाणी येतंय म्हटल्यावर माणसाला माठ कशाला आठवेल?

मी कमल, सीमाताईची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, म्युनिसिपालिटीच्या शाळेत पोरं शिकवली, आईवडिलांची खोली माझ्याकडे राहिली. ताईचं माहेर आणि सासर लालबागच्या एकाच चाळीत, एकाच गॅलरीत. मध्ये फक्त तीन बिऱ्हाडं. लग्नात तिची पाठवणी झाली तेव्हा रडत रडत ती तीन दारं ओलांडून गेली आणि संध्याकाळी भांडं मागायला परत आली. चाळ पाडून टॉवर झाला तेव्हाही आमची घरं शेजारी शेजारीच आली. त्यांची मुलगी मेघना लग्न होऊन डोंबिवलीला गेली, तेव्हा आता त्या घरात दोघंच.

आता संडासाचं बोलते. ज्यांना नाक मुरडायचं त्यांनी मुरडावं, पण गिरणगावातल्या माणसाचं चरित्र संडासाशिवाय लिहिता येत नाही. गॅलरीच्या टोकाला बायकांचे दोन आणि पुरुषांचे दोन. सकाळी रांगेत माणसं उभी राहायची नाहीत, पत्र्याचे डबे उभे राहायचे. ज्याचा डबा पुढे त्याचा नंबर. आत गेलेल्याने जरा वेळ लावला की बाहेरचा आपला डबा दारावर वाजवायचा आणि मागून कुणीतरी विचारायचं, "आत पोथी लावली काय रे?" पुरुषांच्या बाजूच्या एका दाराची कडी मोडलेली होती, तिथे एका हाताने दार ओढून धरायला लागायचं. अशा अवस्थेत कोण रेंगाळणार? आम्ही जन्मभर त्या संडासांना शिव्या घातल्या. पण भाऊजींचं पोट इतकी वर्षं त्या डब्याच्या धाकाने घड्याळासारखं चाललं, एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

नव्या घराची चावी मिळाली तेव्हा भाऊजींनी हॉल बघितला नाही, खिडकीतून लांब दिसणारी बंदराची पट्टी बघितली नाही. ते सरळ संडासात गेले. कमोडचं झाकण उघडलं, बंद केलं. दाराची कडी लावून बघितली, काढली, परत लावली. मग बाहेर येऊन म्हणाले, "स्वतःचो." खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मलाही बरं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशीपासून मात्र त्यांनी तिथे मुक्कामच ठोकला.

सकाळी सातला फोन घेऊन आत. आधी सगळ्या नातेवाइकांना सुप्रभाताची फुलं पाठवायची, मग बातम्या, मग सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगची शिस्त. माझ्या फोनवर 'सर्व सभासदांना नम्र सूचना' आली की मला कळायचं, साहेब गादीवर बसलेत. पाऊण पाऊण तास. पाय बधीर झाले की मगच उठायचे. काही होवो न होवो, कुंथत बसायचं. स्वतःचा होता ना, दार वाजवणार कोण?

त्या घरात संडास एकच. ते आत गेले की थोड्या वेळाने ताई माझ्या दारात. "कमल, कडीपत्तो आसा काय गो?" माझ्या खिडकीत कडीपत्त्याची कुंडी आहे. ती दोन पानं खुडायची आणि जाता जाता माझ्याकडच्या बाथरूमला जाऊन यायची. रोज फोडणीला कडीपत्ता लागावा एवढं त्यांच्याकडे काय शिजायचं, हे मी विचारलं नाही. एकदा मात्र राहवलं नाही.

"दार वाजव की गं. चाळीत तर वाजवायचीस."

"तिकडे परको माणूस आत असायचो," ताई म्हणाली. "आपल्या माणसाचा दार कसा वाजवायचा? बरा दिसत नाय."

माझी बहीण अशी आहे. तिला तिखट सोसत नाही म्हणून स्वतःपुरती आमटी वेगळी काढते, पण मीठ कमी आहे असं कधी म्हणणार नाही. जमिनीवर बसली तर दोन्ही पाय एका बाजूला घेऊन, एका मांडीवर कलून बसते. आई तिला म्हणायची, सीमा माझी फोटोत बसल्यासारखी बसते.

तर साधारण वर्षभराने भाऊजी बदलायला लागले. सोसायटीच्या मीटिंगला प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. भाऊजींनी आपली खुर्ची उचलून नवव्या मजल्यावरच्या नानांना दिली आणि म्हणाले, "मी उभाच बरा. चेअरमन म्हणजे शेवटी सेवक." टाळ्या पडल्या. नाना आमच्या चाळीतलेच, वयाने भाऊजींपेक्षा मोठे आणि डोळ्यात पाणी यायला जरा घाईचे. ते म्हणाले, "ह्याला संस्कार म्हणतात." पुढच्या दोन्ही मीटिंगा सेवकाने उभ्यानेच चालवल्या.

मग रात्रीचं जेवण बंद झालं. साठीनंतर माणसाने एकभुक्त राहावं, असं त्यांनी लिफ्टमध्ये तीनचार जणांना सांगितलं. दुपारी भाकरी आणि पालेभाजी टाकून नुसता दहीभात. पाणीसुद्धा घोटघोट. नाना लगेच एक वेळ जेवायला लागले आणि आठवड्यात चक्कर येऊन पडले. मग एक दिवस ती काळी अंगठी आली. ताईला सांगितलं, शनीची आहे. ताईने अंगठीला हात लावून नमस्कार केला. पुढे मला कळलं, परळला पुलाखाली फुटपाथवर एक जण चादर पसरून बसतो, त्याच्याकडून घेतली. मूळव्याधीची अंगठी. जिथे दुखतंय तिथून इतक्या लांब घालायची वस्तू मी दुसरी पाहिली नाही.

आणि शेवटी कपडे. भाऊजी स्वतःचे पायजमे स्वतः धुवायला लागले.

ताई नुसती हरखून गेली. भाजीवालीला सांगितलं, लिफ्टमधल्या बायकांना सांगितलं, डोंबिवलीला फोन करून मेघनाला सांगितलं. "हे आता आपलो पायजमो आपणच धुतत. माझ्या हाताक आराम म्हणान." टॉवरमधल्या बायका आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारायला लागल्या. भाऊजींनी ग्रुपवर स्वावलंबनावर चार ओळी टाकल्या, कुठे बसून ते सांगायला नको. मला मात्र चैन पडेना. ज्या माणसाने आयुष्यात स्वतःचा रुमाल पिळला नाही, ज्याने आई वारली तेव्हासुद्धा अंघोळीचा पंचा बाथरूममध्ये तसाच टाकला, तो एकाएकी पायजमा धुतो? पाणी कुठेतरी मुरत होतं.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्या वाळत घालायच्या दोऱ्या दिसतात. एका सकाळी तिथे पांढरा पायजमा लटकत होता, नाडीसकट उलटा. बसायच्या जागी कातासारखा तपकिरी डाग. शेजारी दुसरा पायजमा, त्यालाही तसाच, जरा जुना.

मी हातातली सुरी खाली ठेवली. रक्ताचा डाग गार पाण्यात धुवायचा असतो. गरम पाणी लागलं की तो बसला, मग वर्षभर घासा. ही गोष्ट कुठल्याही बाईला वयात आली की कळते, कुणी पाटी-पेन्सिल घेऊन शिकवत नाही. पुरुषाला कोण सांगणार? भाऊजींना त्या घरात कमोडखालोखाल अभिमान होता तो गिझरचा. त्यांनी कडी लावून, कडकडीत पाण्यात, साबण लावून लावून ते रक्त पक्कं केलं होतं आणि चौदाव्या मजल्यावरून लालबागला दाखवत होते.

मग एकेक गोष्ट माझ्या ध्यानात यायला लागली. चिंचपोकळीचा पूल चढताना हल्ली ते मध्येच थांबून ट्रॅफिक बघायचे. ओठ पिठासारखे झाले होते. नखं पांढरी. सगळे म्हणत होते, चेहऱ्यावर कसं तेज आलंय. तेज कसलं, अंगात रक्त नव्हतं.

मी तशीच उठले. त्यांच्या बाल्कनीत चाळीतला जुना पत्र्याचा डबा आहे, ताईने त्यात तुळस लावलीय. तुळशीसकट तो उचलणं बरं नव्हतं म्हणून मी आमच्या घरातला घेतला. ताईने दार उघडलं. भाऊजी कुठे होते ते सांगायला नको. मी संडासाच्या दारावर डबा वाजवला, अगदी चाळीत वाजवायचे तसा.

"कोण आसा?" आतून.

"नंबर माझा आहे. बाहेर या."

बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात फोन होता आणि चेहऱ्यावर चेअरमनपण. मी विचारलं, "रक्त कधीपासून जातंय?"

त्यांनी आधी ताईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुका कोणी सांगितल्यान?"

"तुमच्या पायजम्याने. अख्ख्या रस्त्याला सांगतोय."

"उष्णता वाढली आसा. कोकम घेतंय मी."

"रगात?" ताई मध्येच म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तुमका रगात जाता?"

"तू गप रव."

ताई गप्प राहिली. मी नाही राहिले. मी त्यांना खुर्ची दाखवली आणि म्हटलं, बसा. सेवक बसेना. मग सोफ्याच्या कडेला एका बाजूवर कसाबसा टेकला, आणि त्या एका टेकण्यात सगळ्या मीटिंगांचा उलगडा झाला. वर्षभर चाललं होतं. आधी कधीतरी, मग रोज. सकाळी आत काचा टोचल्यासारखं होतं म्हणून जेवण कमी केलं, म्हणजे जावंच लागू नये. जितकं कमी खाल्लं, जितकं कमी प्यायले, तितकं ते कडक होत गेलं. मग जास्त वेळ कुंथत बसायचं. आपल्या हाताने खड्डा खणायचा आणि वर लोकांकडून टाळ्या घ्यायच्या, याला डोकं लागतं.

डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर नाही. टॉवरमध्ये कळलं तर लोक काय म्हणतील? चेअरमनला कुठे झालंय म्हणून सांगणार? मी म्हटलं, लोकांना ती जागा नसते काय? मग आवाज चढवून झाला, मिशीवरून हात फिरवून झाला, आणि एकदम ते खाली बघून बोलले.

"माझो बापूस ह्याच दुखण्यान गेलो. गावाक. मूळव्याध मूळव्याध म्हणत होते, आणि रगात जावन जावन गेलो. वैद्यान बघल्यान नाय, डॉक्टरान बघल्यान नाय. ता मूळव्याध होता की दुसरा काय होता, कोणाक म्हायत?"

तेव्हा मला कळलं, हा माणूस नुसता लाजत नव्हता, तो घाबरला होता. डॉक्टर काहीतरी भलतंच नाव घेईल म्हणून त्याने वर्षभर कुणाला बघूच दिलं नाही. मला दया यायला हवी होती. थोडी आलीही. पण भीती वाटते म्हणून दिवा न लावणाऱ्याची किती दया करायची? मी सांगितलं, आत्ता दादरला डॉक्टरकडे येत असाल तर ठीक, नाहीतर तुमच्या त्या ग्रुपवर सर्व सभासदांना नम्र सूचना मी टाकते. ते कपडे बदलायला उठले.

डॉक्टर ऋता यांचा दवाखाना दादरला आहे. त्या याच दुखण्याच्या सर्जन आहेत. पाटीवर नाव वाचून भाऊजी जिन्यातच थांबले. "बाई आसा."

"त्या बाईंकडे रोज असे डझनभर चेअरमन येतात," मी म्हटलं. "तुमचं काही वेगळं निघणार नाही."

तपासणीला ते आत गेले, ताई आणि मी बाहेर. बाहेर आले तेव्हा मिशीचा रंग सोडला तर सगळं पांढरं होतं. डॉक्टरांनी आम्हालाही आत बोलावलं. त्या म्हणाल्या, मूळव्याध आहे हे नक्की. पण रक्त जातंय म्हणजे मूळव्याधच आहे असं कुणीच घरबसल्या ठरवायचं नसतं, आणि या वयात तर नाहीच. आतून दुर्बीण घालून बघायला हवं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात. "काका, तुम्ही चालत आलात याचंच मला नवल वाटतंय."

मग त्यांनी विचारलं, संडासात किती वेळ बसता? भाऊजींनी छताकडे बघितलं. ताई म्हणाली, "तास होता कधीकधी." तिने जन्मात पहिल्यांदा नवऱ्याची चुगली केली. डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, कमोडवर तासभर बसलं की सगळा भार खालच्या शिरांवर येतो, त्या फुगतात. फोन बाहेर ठेवायचा. पाच मिनिटांत झालं तर झालं, नाहीतर उठायचं, कळ आली की परत जायचं. कळ दाबायची मात्र कधीच नाही. पायाखाली छोटं स्टूल घ्यायचं, म्हणजे उकिडवं बसल्यासारखं होतं. कुंथायचं नाही. पाणी भरपूर. भाकरी, पालेभाजी, फळं, रात्री इसबगोल. लोहाच्या गोळ्यांनी पोट आणखी घट्ट होतं, तेव्हा हे सगळं जास्तच सांभाळायचं. आणि दुखेल तेव्हा टबात कोमट पाणी घेऊन त्यात दहा-पंधरा मिनिटं बसायचं.

"अंगठी?" भाऊजींनी विचारलं.

"दिसायला छान आहे," डॉक्टर म्हणाल्या.

आम्ही उठलो तेव्हा ताई दारात अडखळली. "डॉक्टर, लई वर्सांचा असला तर बरा होता काय?"

"काकांचं तर वर्षभराचंच आहे ना?"

"तसा नाय. असाच इचारलंय," ताई म्हणाली आणि पिशवी सावरत बाहेर पडली. मला वाटलं, सासऱ्यांची आठवण आली असेल.

दुर्बिणीचा दिवस आठवड्याने होता. तो आठवडा भाऊजींनी आमच्या सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. बापासारखंच होणार, असं धरून चालले होते. मेघनाला बोलावून घेतलं. बँकेचे कागद कुठे आहेत ते ताईला दाखवलं, जे तिनेच कपाटात नीट लावून ठेवले होते. दिवसभर तिला उशाशी बसवून घ्यायचे. ती बसायची, तिच्या नेहमीच्या पद्धतीने, एका मांडीवर कलून. तिचं कोकम, तिची भाजी, तिचं जेवण राहिलं तर राहिलं.

दुर्बिणीत भलतंसलतं काही निघालं नाही. नुसती मूळव्याध. डॉक्टरांनी सांगितलं, आधी रक्त भरून येऊ दे, मग दवाखान्यातच रबराचे छोटे बँड लावून टाकू, पोट फाडायचं काम नाही. भाऊजी बाहेर आले ते छाती काढूनच. लिफ्टमध्ये नाना भेटले तर त्यांना म्हणाले, "तब्येतीकडे दुर्लक्ष करता कामा नये, नाना. वेळच्या वेळी तपासणी हवी." वर्षभर तोंडाला कुलूप लावून बसलेला माणूस नवव्या मजल्यापर्यंत नानांना पालेभाजीचं महत्त्व सांगत होता. नाना म्हणाले, "तुम्ही आहात म्हणून आम्हाला कळतं."

घरी आल्याबरोबर भाऊजी सोफ्यावर आडवे झाले आणि हवेत म्हणाले, "तो टब आणूक होयो. कमल, खाली दुकानात बघतंस?"

मी पर्स उचलली. ताई म्हणाली, "कशाक? घरात आसा मा एक."

ती मोरीत गेली, स्टूलावर चढली आणि माळ्यावरून एक निळा प्लास्टिकचा टब काढला. रुंद, उथळ, बसायला नेमका. रंग उडून राखाडी झालेला, एका कडेला चीर गेलेली, ती मेणबत्तीचं मेण ओतून बुजवलेली. हा टब चाळीतल्या मोरीत उभा केलेला मी कितीतरी वर्षं बघितला होता. मला वाटायचं, मासे धुवायचा असेल.

भाऊजी उठून बसले. "ह्यो खयसून इलो?"

"मेघनाच्या टायमाचो," ताई म्हणाली. टब विसळता विसळता, आमच्याकडे न बघता. "ती झाली तेव्हा माका सुरू झाला. तेव्हा नर्सबायन सांगितल्यान, कोमट पाण्यात बस. मगे अधनंमधनं बसतंय. दुपारची, तुम्ही घरात नसताना."

मेघनाला आता तिसावं चालू आहे.

मेघना टबाकडे बघत होती. माझ्या डोक्यात एकेक गोष्ट खाली पडत होती, फळीवरून भांडी पडावीत तशी. फोटोत बसल्यासारखी बसणारी सीमा. बिनतिखटाची वेगळी आमटी. चाळीत सगळ्यांच्या आधी, काळोखात उठून डबा घेऊन जाणारी सीमा. आम्ही म्हणायचो, किती कामसू. आणि टॉवरमधला तो कडीपत्ता. स्वतःच्या घरातल्या संडासात तासभर नवरा बसलाय, हिला कळ आलीय, आणि ही कळ दाबून शेजारी जायला बरं निमित्त शोधतेय. सख्खी बहीण भिंतीपलीकडे, आणि मला वाटायचं हिला फोडणीची आवड आहे.

भाऊजींनी तोंड उघडलं. मला वाटलं, या माणसाला आता तरी काहीतरी बोलायला सुचेल.

"मगे बोललंस कित्याक नाय?"

"कोणाक सांगू?" ताई म्हणाली. रागाने नाही. खरंच विचारल्यासारखं.

"पण माका कधी दिसला नाय ता," भाऊजी म्हणाले. आवाजात तक्रार होती, जणू हेडक्लार्कच्या टेबलावर कागद आलाच नाही. "तुझ्या कपड्यांक कधी एक डाग दिसलो नाय."

"ती गार पाण्यात धुते," मी म्हटलं.

त्यांना ते कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी बाल्कनीकडे बघितलं. तिथे त्यांचा पायजमा वाळत होता. ते उठले, एका बाजूला तोल सांभाळत, बाल्कनीत गेले आणि तो दोरीवरून काढून घडी न घालताच हातात धरून उभे राहिले. मी काही मदत केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी ताईला दादरला घेऊन गेले. ती रस्ताभर म्हणत होती, आता कशाला, ह्यांचं होऊ दे आधी. डॉक्टर ऋतांनी तिला तपासलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी खाली बघितलं. तिचीही दुर्बीण झाली. तिथेही भलतं काही नव्हतं, देवाची कृपा म्हणायची, कारण माणसांची काही नव्हती. पण तिचं इतकं जुनं झालेलं होतं की तिथे बँडने भागणार नव्हतं, ऑपरेशन करावं लागलं. पंधरा दिवस मेघना येऊन राहिली. भाऊजींना पेला सापडला.

टॉवरमध्ये ते अजून देवमाणूसच आहेत. हल्ली लिफ्टमध्ये इसबगोलवर बोलतात. बायकोच्या ऑपरेशनला किती धावपळ केली तेही सांगतात. नाना डोळे पुसतात. मी कुणाला काही सांगायला जात नाही, सांगून उपयोग नाही.

फक्त सकाळचं तेवढं बदललंय. पहिला नंबर आता ताईचा. परवा मी चहापूड मागायला गेले, खरोखरच संपली होती, तर भाऊजी पॅसेजमध्ये संडासाच्या बाहेर उभे. फोन टेबलावर, हात मागे बांधलेले. एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. शेवटी त्यांनी दारावर दोन बोटं वाजवली.

"झाला काय गो?"

"थांबा वाईच," आतून ताई म्हणाली.

लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याला थांबा म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी चहापुडीचा डबा शोधत होते. ते भिंतीला टेकले आणि थांबले.